ते आफ्रिकेसाठी आहे

आमच्या गोडाऊनच्या मागच्या भिंतीला एक रॅक आहे. तडा गेलेल्या टाक्या, वाकलेल्या फ्रेमा, चुकीच्या मापाचे नट, असा सगळा रिजेक्ट माल तिथे पडतो. दर महिन्याला मी तो रॅक रिकामा करतो आणि दर महिन्याला तो भरतो. किश्शांचंही तेच. दोस्तांत बसलं की एखादा सांगून टाकतो, सगळे हसतात, वाटतं संपला. आठवड्याने बघावं तर आणखी चार येऊन पडलेले. हल्ली मात्र एक भानगड झालीय. मी सांगत असतो आणि मधेच कुणीतरी हसायचं थांबतं. म्हणून यावेळी लिहूनच काढतो. वाचताना कोण कुठे थांबतंय ते मला दिसणार नाही, तेवढंच बरं.

आधी माणसं सांगतो. फार नाहीत. मालक म्हणजे माझा मामा. तीस वर्षांपूर्वी मालवणहून दुबईला आला. अल कुसैसला त्याचं घर आणि ऑफिस, रास अल खोरला गोडाऊन. स्टोअरकीपर खानोलकर काका मामाबरोबरच आले, एका खोलीत सहा जणांत राहिले आणि तेव्हापासून पाणी, सरकार आणि देव या तिन्हींबद्दल त्यांना सगळं ठाऊक आहे. मी अनिकेत. रत्नागिरीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातून बाहेर पडलेला भाचा. माझं काम डॉक्युमेंटेशन. म्हणजे झालेलं काम कागदावर आणायचं, आणि न झालेलंही.

आणि गेटवरचा सिक्युरिटी, सायमन लोकिरू. केनियाच्या उत्तरेचा, लोमेरी नावाच्या गावचा. घरी आई, भाऊ आणि उरल्यासुरल्या शेळ्या. हिंदी तो काकांकडून शिकला, त्यामुळे त्याच्या हिंदीत मालवणी शिव्या आहेत आणि त्या तो अगदी योग्य जागी देतो.

*

मामा आधी टाक्या विकायचा. टाक्या, पंप, शेडनेट. लेबर कॅम्पांना आणि खजुराच्या बागांना. मग दुबईत हवामानाची मोठी परिषद भरली. शहरभर हिरवे फलक लागले. मामा गळ्यात कार्ड अडकवून एक दिवस तिथे फिरला, फुकटचं जेवला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने पेंटर बोलावला. बोर्डावरच्या 'ट्रेडिंग'वर पांढरा हात मारला आणि वर लिहिलं, 'क्लायमेट सोल्युशन्स'.

आफ्रिकेतल्या दुष्काळी गावांना बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायला मदत करणारं एक फाउंडेशन होतं. त्यांना माल पुरवायचं काम मामाने मिळवलं. कसं मिळवलं ते विचारू नका. मी विचारलं होतं, तेव्हा मला रास अल खोरला एका फोर्कलिफ्टचा इन्शुरन्स बघायला पाठवण्यात आलं.

तिथे गेलोच होतो, म्हणून काकांना म्हटलं, आता गोडाऊनमध्ये नवीन काय काय येणार? काका पाचशे लिटरच्या टाकीवर बसून चहा पीत होते. त्यांनी टाकीवर थाप मारली.

"टाकी तीच रे झिला. आता ती हवामानाशी जुळवून घेता."

*

पंपाच्या किटमध्ये पाइप किती लांब घालायचा, हा प्रश्न आमच्या ऑफिसात एका मिनिटात सुटला.

किट साधं आहे. उन्हावर चालणारं पॅनल, बोअरमध्ये सोडायचा पंप, वायर आणि पाइप. यादीत चाळीस गावं होती. प्रत्येक गावाच्या बोअरची खोली फाउंडेशनच्या फाइलमध्ये होती, पण ती फाइल उघडायला पासवर्ड लागायचा आणि पासवर्ड विचारायला मेल करावा लागला असता. मामाने डोळे मिटले. मला वाटलं हिशेब करतोय. तो मालवणच्या परसातली आपली विहीर आठवत होता.

"आमच्याकडे मे महिन्यात पण पंचवीस फुटांवर पाणी. आपण डबल धरू. पन्नास फूट. खलास."

काका म्हणाले, त्यांच्या विहिरीला तर अठरा फुटांवरच लागायचं. मग दोघे अर्धा तास आपापल्या विहिरीच्या पाण्याची चव एकमेकांना सांगत बसले. चाळीस गावांची ऑर्डर पन्नास फुटांनी गेली.

माल आला तेव्हा गेटवर सायमनने एक खोका उघडून पाइप मोजला. त्याच्या गावात सरकारी बोअर आहे. वरचा हातपंप मोडून कित्येक वर्षं झाली, पण पाणी किती खाली आहे ते गावातल्या पोराटोरांनाही माहीत आहे. अडीचशे फूट. त्याने पाइपचं भेंडोळं मामासमोर धरलं.

"सर, ये तो हवा में लटकेगा."

मामा रागावला नाही. मामाला राग येत नाही, उपाय सुचतो. त्याने मला मॅन्युअलमध्ये एक ओळ वाढवायला सांगितली की उरलेला पाइप गावकऱ्यांनी स्वतः उभा करावा.

"ह्याला कम्युनिटी काँट्रिब्युशन म्हणतात," मामा म्हणाला. "फाउंडेशनला भयंकर आवडतं ते."

आणि खरंच आवडलं!

*

उन्हाळ्याच्या तोंडाला फाउंडेशनने शेख झायेद रोडवरच्या हॉटेलात कार्यशाळा घेतली. विषय होता, वाढत्या उष्णतेशी जुळवून घेणं. हॉलमध्ये एसी इतका सोडला होता की दारातच बायकांना शाली वाटत होते.

एक सत्र होतं, 'समाजाचा आवाज'. ज्याचा आवाज ऐकायचा तो पाहुणा आलाच नव्हता, कारण त्याच्या व्हिसाचा फॉर्म कुणीतरी भरायला विसरलं होतं. फाउंडेशनची मॅडम हवालदिल. बाई बेरूतची, वाईट नव्हती, फक्त तिच्याकडे कशालाच वेळ नव्हता. मामा पुढे झाला. म्हणाला, आमच्याकडे आहे एक.

मी गाडी काढून सायमनला गेटवरून उचलून आणलं. शर्टावर 'सिक्युरिटी' लिहिलेलं, ते चालणार नव्हतं. त्याच्या बॅगेत घरून आणलेली लाल चौकटींची चादर होती. आईने दिलेली. ती त्याने खांद्यावरून घेतली आणि मामा खूश झाला. "आता कसा आफ्रिकन वाटतोस," म्हणाला. आफ्रिकन माणसाला!

सायमन गाडीत लिहून काढलेल्या कागदावरून तीन मिनिटं बोलला. आई उजाडायच्या आत निघते. कोरड्या नदीच्या वाळूत हाताने खड्डा करते, त्यात पाणी झिरपायची वाट बघते आणि मगाने कॅन भरते. खड्डा दर वर्षी खोल जातो. मागे दोन वर्षं पाऊस आला नाही, मग आला तो एका दुपारी सगळा आला आणि शेळ्या घेऊन गेला. बोअर आहे, पंप नाही. एवढं वाचून त्याने कागद खाली ठेवला आणि कागदावर नसलेलं एक वाक्य विचारलं.

"लोमेरीला पंप कधी येणार?"

हॉलने टाळ्या वाजवल्या. प्रश्नाला टाळ्यांनी उत्तर देतात हे मी पहिल्यांदा बघितलं. पण मॅडमने शालीच्या टोकाने डोळे टिपले आणि तिथल्या तिथे यादीत एकेचाळिसावं गाव लिहिलं. "यल्ला, लोमेरी. वर्ष संपायच्या आत, इन्शाल्ला."

दुसऱ्या दिवशी सायमन मला गेटवर दोन कटिंग चहा घेऊन भेटला. दोन्ही माझ्यासाठी. पन्नास फुटांच्या वरचा पाइप त्याने भावाला घ्यायला सांगितला होता. महिन्याभरात दोनशे फूट पाइप त्याच्या आईच्या झोपडीत जाऊन पडलासुद्धा. शेळ्या चावतात म्हणून ती तो उशाशी घेऊन झोपायची. एकेचाळिसाव्या किटची ऑर्डर मामाने दिली होती, आता फक्त पंप यायचा होता.

मामाने हॉटेलातला तो अर्धा दिवस सायमनच्या सुट्टीत धरला.

*

जुलैत बियाणं आलं. दुष्काळ सोसणारं खास बियाणं, ज्वारी आणि चवळी, पिशव्यांवर तडकलेल्या जमिनीतून आलेल्या हिरव्या कोंबाचं चित्र. गोडाऊनमध्ये जागा नव्हती, म्हणून कंटेनर यार्डात उन्हात उभा राहिला. तीन आठवडे. जुलैतलं रास अल खोर ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, त्या कंटेनरच्या दाराची कडी मी फडक्याशिवाय धरू शकत नव्हतो.

मला शंका आली. मी पिशवी फोडली, वीस चवळ्या मोजल्या आणि मामीकडून मागून आणलेल्या ओल्या फडक्यात बांधल्या, उसळीसाठी मोड आणतात तशा. तीन दिवसांनी फडकं सोडलं. विसांत दोन मोड.

ते फडकं तसंच मामाच्या टेबलावर नेऊन उघडलं. म्हटलं, मामा, बियाणं मेलंय. लोक शेवटचं पाणी घालतील ह्याच्यावर. मामाने चष्मा लावून बघितलं. काकांनीही वाकून बघितलं. काकांचं मत पडलं की बाहेरून तर काही कळत नाही.

मामाने फडकं दुमडून मला परत दिलं.

"दोन आले ना?"

*

त्याच महिन्यात सायमनच्या केबिनचा एसी गेला.

गेटजवळची ती पत्र्याची पेटी. इथे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन बाहेर काम करायला बंदी आहे, पण सिक्युरिटी बसून असतो, त्यामुळे तो काम करतो असं कुणाला वाटत नाही. मेकॅनिक उद्या येतो म्हणायचा. अकरा दिवस उद्या होता. सायमनने टेबल बाहेर काढून कंटेनरच्या सावलीत लावलं आणि सावली सरकेल तसा तो टेबलासकट सरकत गेला. संध्याकाळी तो गेटपासून इतका लांब असायचा की येणारे ड्रायव्हर हॉर्न वाजवून त्याला शोधायचे.

गोडाऊनमध्ये शेडनेटचे नव्वद रोल पडून होते. उन्हापासून माणसांचं, जनावरांचं रक्षण करण्यासाठी, असं मीच त्यांच्या कागदावर लिहिलं होतं. मी म्हटलं, एक रोल काढून केबिनवर टाकू. एसी येईपर्यंत. परत गुंडाळून ठेवतो.

मामाने रोलवरचं लेबल मला वाचून दाखवलं. "अरे, असं कसं? ते आफ्रिकेसाठी आहे."

सायमन मागेच उभा होता. रजिस्टरवर सही घ्यायला आला होता. मराठी त्याला बोलता येत नाही, कळतं सगळं.

"मैं भी," तो म्हणाला.

मामाने सही केली.

*

आता फोटोंचा किस्सा. हा मी दोस्तांना सगळ्यांत जास्त वेळा सांगितलाय आणि इथपर्यंत सगळे हसतात.

समुद्रात कुठेतरी गडबड चालू होती, जहाजं लांबच्या वाटेने जात होती, आमचे पंप दुबईतच पडून. आणि फाउंडेशनला सप्टेंबर संपायच्या आत रिपोर्ट हवा होता. गावनिहाय फोटो, पंप चालू असलेला. मामा म्हणाला, ब्रोशरसाठी सॅम्पल फोटो काढून ठेवू. मी सायमनला ब्रोशर असंच सांगितलं. म्हणजे निदान त्या सकाळी तरी मी खोटं बोललो नाही.

गोडाऊनच्या मागे मोकळा प्लॉट आहे. वाळू, आणि एक वाकडं काटेरी झाड. तिथे एक पंप मांडला, पाइप वाळूत पुरला आणि भिंतीच्या अलीकडच्या टँकरला जोडला. सायमन, शेजारच्या गोडाऊनचे दोन युगांडाचे गार्ड आणि ऑफिस झाडायला येणारी इथिओपियाची बाई, अशी चार माणसं. चार माणसांत एकेचाळीस गावं करायची होती. शर्ट बदलले, जागा बदलल्या, बाईच्या डोक्यावरचं फडकं बदललं. दर दहा गावांनी पॅनलचं तोंड फिरवलं. माणशी पंधरा दिरहॅमची बिर्याणी मिळणार होती, "म्हणजे साडेतीनशे रुपये," असं मामाने दोनदा मोठ्याने म्हटलं.

दिग्दर्शन काकांचं. आधी पंप नसतानाचे फोटो. काका टँकरवर चढून ओरडत होते, "हसो मत रे, अकाल है!" चौघे गंभीर व्हायचे. मी क्लिक करायचो. मग नळ सोडायचा आणि काका ओरडायचे, "हाँ, अब हसो. पानी आया!"

एकदा कुणीतरी नळ पूर्ण फिरवला. पाइप वाळूतून सापासारखा उसळला आणि काकांची पँट खाली बुटांपर्यंत भिजली. लाल चादरीतला सायमन ओंजळ धरून उभा होता. तो असा हसला की मागचे दोघे गार्डही वाकून हसायला लागले. ओंजळीतून पाणी सांडतंय, मागे ते झाड, वर निळं आभाळ. मी आयुष्यात काढलेला सगळ्यांत चांगला फोटो.

संध्याकाळी मामाने यादी पुढ्यात टाकली आणि प्रत्येक फोटोला गावाचं नाव द्यायला सांगितलं. समोर फॉर्म होता, 'पंप बसवला: हो / नाही'. मी विचारलं, हे ब्रोशर होतं ना? मामा म्हणाला, आत्ता भरून टाक, माल पोचला की खरे फोटो चढवू. मी इंजिनिअरिंग सोडलं तेव्हा सगळ्यांना सांगत फिरलो होतो की मला खोटी जर्नलं कॉपी करायची नाहीत. त्याच मी खुर्चीत बसून एकेचाळीस वेळा 'हो' दाबलं.

बरेच फोटो धूसर होते, उन्हात पांढरे पडलेले. ते कुठल्याही गावाला दिले. सायमनचा तो फोटो मात्र मी बाजूला काढून ठेवला होता. सगळ्यांत चांगला फोटो लोमेरीला दिला. दोस्ताचं गाव म्हणून.

*

जहाज मिळालं, पण जागा निम्मीच मिळाली. एकवीस पंप जाणार, वीस मागे. कुठले मागे ठेवायचे?

मॅडमचा मेल आला होता. धूसर फोटोंच्या गावांसमोर तिने लिहिलं होतं, स्पष्ट नाही, पुन्हा पाठवा. चांगल्या फोटोंच्या गावांसमोर हिरवी खूण. लोमेरीसमोर खूण होती आणि पुढे एक शब्द, 'सुंदर'. मामाने काम सोपं करून टाकलं. ज्यांच्या फोटोंवर शंका आली त्यांना पंप गेले. ज्यांना हिरवी खूण मिळाली त्यांची फाइल बंद झाली होती, मग पंप कशाला?

धूसर फोटोंची गावं वाचली. मला फोटो चांगला काढता आला, एवढंच लोमेरीचं चुकलं.

त्या शुक्रवारी मामाकडे जेवायला होतो. माझी मामेबहीण रिया अकरावीत आहे, मराठी कळतं, उत्तरं इंग्लिशमध्ये. तिने फोनवर फाउंडेशनचं पान उघडलेलं होतं. फोटो बघून म्हणाली, "पापा, दॅट्स लिटरली सायमन."

मामा म्हणाला, "जेव."

मी म्हटलं, मामा, मॅडमला एक मेल करू. लोमेरीत चुकून 'हो' पडलंय म्हणू. माझ्या नावावर टाका, मला काढून टाका. मामा म्हणाला, एक चूक सांगितली की मॅडम वीसही फायली उघडेल. पुढच्या फेजमध्ये बघू. मी म्हटलं, त्याची आई वाळू उकरतेय. मामी म्हणाली, आमटी गार होतेय. ही माणसं वाईट आहेत असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. मालवणच्या देवळाला ह्यांनी पाण्याची टाकी दिलीय, वर नाव घालून. ती खरंच बसवलेली आहे. तिथे गावचे लोक जाऊन बघतात ना!

मग मामाने शेवटचं काढलं, जे तो नेहमीच शेवटी काढतो. "तिसऱ्या वर्षातून पळून आलास तू. मला धंदा शिकवणार?"

"मी सोडलं तेव्हा सोडलं म्हणून सांगितलं," मी म्हटलं. "पास झाल्याचा फोटो नाही पाठवला."

रिया हसली. मामाने तिला पुन्हा जेवायला सांगितलं.

तरी मेल मी केला नाही. मॅडमचा पत्ता माझ्या फोनमध्ये होता, आजही आहे. माझा व्हिसा मामाच्या कंपनीवर आहे. हे लिहिताना मला फार मोठं कारण वाटत नाही, तेव्हा वाटलं.

*

मागे राहिलेल्या वीस पंपांतला एक दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात आला. आमच्याकडे खंडेनवमीला जो माल विकतो त्याची पूजा होते. पूर्वी टाकी ठेवायचे. यंदा मामा म्हणाला, पंप ठेवा.

मी गोडाऊनला जाऊन हाताला लागला तो आणला असं सगळ्यांना वाटतं. तसं नव्हतं. खोक्यांवर गावांचे स्टिकर होते आणि लोमेरीचं खोकं सर्वांत पुढे, गेटच्या बाजूला ठेवलेलं होतं. सायमन रोज त्याच्यासमोरून फेरी मारायचा, फक्त स्टिकर भिंतीकडे होता. तो कधी ना कधी खोकं फिरवणार होता. म्हणून मी तेच उचललं आणि गाडीत स्टिकर खरवडून काढला. नखात कागद राहिला.

झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. काकांनी मंत्र म्हटले, निम्मे चुकीचे. सायमनला माल उतरवायला बोलावलं होतं, तर मामीने त्याच्याही कपाळाला कुंकू लावलं आणि हातात पेढा ठेवला. तो पंपाकडे बघत राहिला. कुंकू लावलेला पंप त्याने कधी बघितला नव्हता.

"ये कौन से गाँव का है?" त्याने काकांना विचारलं.

"ये? ये किसी का नहीं," काका म्हणाले. "ये पूजा का है."

सायमनने हात जोडले.

पूजेचा माल बाहेर पाठवायचा नाही, बरकत जाते, असं मामाचं म्हणणं. तो पंप आता रिसेप्शनला आहे. प्रदर्शन असलं की सायमन तो उचलून गाडीत ठेवतो आणि प्रदर्शन संपलं की परत आणून ठेवतो. वर्ष संपलं. सायमन मला अधूनमधून विचारायचा, जहाज कुठवर आलं? मी सांगायचो, समुद्रात गडबड आहे.

*

जानेवारीत एका दुपारी मी गेटवर डबा खात बसलो होतो. सायमनच्या केबिनला एसी आहे आता. त्याचा फोन वाजला. भावाचा फोन, पण बोलत होती आई. सायमन तिच्याशी मोठ्याने, हसत बोलतो, नेहमीच. त्या दिवशी दोनच वाक्यं बोलला. मग फक्त तिचा आवाज. मागे शेळ्या.

मग भावाने पाठवलेला फोटो त्याने उघडला. तालुक्याच्या ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेला कागद. पूर्ण झालेली गावं. लोमेरी. खाली लाल चादर, ओंजळ, हसणारा चेहरा.

सायमनने तो बोटांनी मोठा करून बघितला. फोन कानाला लावून तो ऐकत राहिला आणि मधेमधे मला हिंदीत सांगत गेला, मी न विचारता, जसं दुसऱ्या कुणाचं तरी सांगतोय.

आई आधी चिडली होती. दोन वर्षांनी आलास, आमचं पाणी प्यायलास आणि घरी न येता गेलास? आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही. मग तिचा राग गेला. ती म्हणाली, माझा मुलगा उभा आहे म्हणजे पंप आहे. ऑफिसवाले खोटं बोलतील, तो कशाला बोलेल. गावातले लोक म्हणत होते सरकारी बोअरवर पंप नाही, कुठेच नाही, त्यांच्याशी ती भांडली, म्हणाली दुसरीकडे नवा बोअर मारला असेल. तेव्हापासून ती सकाळी नदीकडे जात नाही. धाकट्याच्या खांद्यावर तो दोनशे फूट पाइप देते आणि दोघं ते झाड शोधत फिरतात. उगवतीकडचं सगळं बघून झालं. तसं वाकडं झाड तिने आयुष्यात पाहिलेलं नाही, नदीपलीकडे असेल. तिला दुसरं काही विचारायचं नाही. फक्त कुठल्या बाजूला, तेवढं सांग.

सायमनने मान वळवून गोडाऊनच्या मागे बघितलं. भिंतीवरून झाडाचा शेंडा दिसतो गेटवरून.

 त्याने मला एक शिवीसुद्धा दिली नाही. फोन माझ्यासमोर धरला. पलीकडे ती थांबलेली होती, श्वास ऐकू येत होता.

"फोटो तूने निकाला था ना," सायमन म्हणाला. "बोल माँ को, किस तरफ है. तू बोल, मैं समझा दूँगा उसको."